पुंडलिकचं वाकडं पातं

पुंडलिक गेल्याची बातमी मला सरांनी दिली, याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. सकाळी साडेसातला फोन वाजला. "शैलाबाई, वाईट बातमी आहे. आपला पुंडलिक गेला. पहाटे मळ्यातच, हार्ट अटॅक." मी होते तिथे खाली बसले. आणि मग, उद्याच्या बैठकीची वेळ विचारावी तशा आवाजात सर म्हणाले, "बरं, त्याची ती जुनी लेन्स कुठे असते हो? तुम्हाला ठाऊक असेल." माणूस सुन्न झालेला असला की विचारलं त्याचं उत्तर देऊन टाकतो. मी म्हटलं, "घरीच. देवघराखालच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात." हे मी बोलले नसते तर... पण बोलले. आज दोन महिन्यांनी लिहायला बसले आहे आणि आधीच सांगून टाकते, हा लेख वाचून कुणाला पुंडलिकसाठी गहिवरून येईल की नाही मला माहीत नाही; पण एका माणसाची झोप उडावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. गेलेल्या माणसावर लिहिताना मनात असं काही ठेवू नये म्हणतात. मी ठेवलं आहे.

सरांचं नाव छापायचं नाही, अशी अट संपादकांनी घातली. मी लगेच कबूल केलं. हे गृहस्थ कधी कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. गावातल्या आमच्या कॅमेरा क्लबचे ते वर्षानुवर्षं अध्यक्ष, आणि सर म्हणवून घ्यायची त्यांना हौस, म्हणून सगळे सर म्हणतात. फोटोग्राफीशी ज्यांचा संबंध आहे त्यांना नावाची गरज नाही, आणि ज्यांचा संबंध नाही त्यांनी सर एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे.

नाशकात रविवार कारंजाजवळ आमची कलर लॅब होती. माझे यजमान काउंटरवर गिऱ्हाईक सांभाळायचे आणि मी आत मशीनवर. पुंडलिक विधाते तिथे पहिल्यांदा आला ते साल नव्वद-एक्क्याण्णव असावं. मखमलाबादकडे त्यांची फुलशेती, गुलाब आणि शेवंती. पहाटे सराफ बाजारातल्या फुलबाजारात फुलं उतरवायची आणि परत जाताना मोपेड आमच्या दारात लावायची, असा त्याचा क्रम पडून गेला. आमच्या लॅबला कायम केमिकलचा वास. तो आला की दहा मिनिटं तिथे देवळासारखा वास यायचा. बुधवारच्या बाजारात, नदीकाठी, भंगाराच्या ढिगात त्याला एक बंद पडलेला कॅमेरा मिळाला होता. कॅमेरा कामातून गेलेला, पण त्याला लावलेली रशियन लेन्स जिवंत होती. हाताने फिरवून फोकस करायची, धातूची, वजनदार. तिच्यावरची अक्षरं आम्हा कुणालाच वाचता यायची नाहीत. "ताई, ही साफ करायची," म्हणून त्याने ती माझ्या काउंटरवरच उघडली.

लेन्सच्या पोटात काळ्या पत्र्याची बारीक पाती असतात, या लेन्सला सहा होती. डोळ्याच्या बाहुलीसारखी ती मिटतात-उघडतात आणि आत उजेड किती जायचा ते ठरवतात. त्या पात्यांना तेल धरलं होतं. शेजारच्या घड्याळजीकडून आणलेल्या स्क्रू ड्रायव्हरने पुंडलिक ती सुटी करत होता, मी टॉर्च धरून उभी होते, आणि एक पातं निसटून वाकलं. त्याने ते नखाने, चिमट्याने, सगळं करून पाहिलं, पण वाक काही गेला नाही. मी म्हटलं, टाकून दे आता. तो हसला. "ताई, गुलाबाची एक पाकळी किडली म्हनून आमी फूल फेकत नाय. ती बाजू खाली करून बांधतो."

ती लेन्स बसेल असा एक जुना चालू कॅमेरा त्याने मिळवला, आणि तिने काढलेला पहिला रोल मीच धुतला. फोटोत समोरची वस्तू स्वच्छ असली की मागचे दिवे, पाण्याचे थेंब असे धूसर गोल ठिपके होऊन दिसतात, हे तुम्ही पाहिलं असेल. पुंडलिकच्या फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला डावीकडे खाली, घड्याळात आठ वाजतात त्या जागी, उंदराने बिस्कीट कुरतडावं तसा एक चावा होता. लेन्स पूर्ण उघडली तरी ते वाकडं पातं आत डोकवायचंच. मला ते भयंकर दिसलं. तो मात्र खूश. "धनगर मेंढराचा कान कातरत्यात ना, हरवलं तर वळखू यावं म्हनून? तसं झालं बघा हे." या लेखासोबत जो फोटो छापला आहे तो त्याच दिवसांतला. गुलाबाच्या वाफ्यात उभी आहे ती त्याची बायको, इंदूबाई, आणि तिच्यामागे तुषार सिंचनाचं पाणी उडतंय. भिंग घेऊन त्या थेंबांकडे बघा. प्रत्येकाचा कान कातरलेला दिसेल.

पुंडलिकची काम करायची रीत बघण्यासारखी होती. फोकसची रिंग तो एकदाच फिरवायचा, साधारण एका हाताच्या अंतरावर आणून सोडून द्यायचा, आणि मग कॅमेरा डोळ्याला लावून स्वतःच पुढेमागे व्हायचा. समोरचा चेहरा धूसर, धूसर... मग कंबरेतून जरासा पुढे, श्वास रोखलेला, आणि भुवईचा केस न् केस लख्ख झाला की बोट दाबायचं. फुलबाजारातल्या बायका त्याला म्हणायच्या, "आला बाई डुलनारा!" उजेड तो तळहातावर बघायचा. तळहात उन्हात धरायचा, डोळे बारीक करायचा आणि आकडा सांगायचा. निम्म्या वेळा चुकायचा. चुकला की मला मशीनवर दुरुस्त करायला लावायचा आणि वर म्हणायचा, "ताई, उजेडाचं नाय चुकलं, माझ्या हाताचं चुकलं."

दोन हजार सालानंतर डिजिटलचं वारं आलं. क्लबात पहिला डिजिटल कॅमेरा सरांनी घेतला आणि दोनएक वर्षांत त्याहून भारी दुसरा घेतला. जुना कॅमेरा त्यांनी मोठ्या मनाने पुंडलिकला वापरायला दिला. मोठ्या मनाने हे शब्द सरांचे. एकच अट, कार्डातले फोटो दर शनिवारी सरांच्या कॉम्प्युटरवर उतरवून कार्ड रिकामं करायचं. पुंडलिककडे कुठला कॉम्प्युटर? त्याला ती अट वाटलीच नाही, सोय वाटली. त्याने काय करावं, तर अंबडच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या चुलतभावाकडून पितळेची एक रिंग कापून घेतली आणि त्या नव्या जमान्याच्या जपानी यंत्राच्या तोंडाला आपली भंगारातली रशियन लेन्स बसवली! पहिली रिंग केसभर जाड झाली, तर लांबचं काही स्पष्टच दिसेना. दुसरी बरोबर बसली, पण लेन्सवरची आकड्यांची खूण भलत्याच बाजूला आली. तिसरी रिंग अशी कापून घेतली की खूण बरोबर वर, जुन्या कॅमेऱ्यावर यायची तिथेच. ते पाहून अख्खा क्लब पोट धरून हसला. सर म्हणाले, "अरे, हे यंत्र स्वतः फोकस करतं. तू कशाला डोळे फोडून घेतोस?" पुंडलिक मान खाली घालून म्हणाला, "सर, यंत्राला काय ठाव मला कोनाकडं बघायचंय ते?"

त्या जुगाडावर त्याने दोन वर्षं फुलबाजार टिपला. पहाटेचे पिवळे दिवे, ओल्या गोणपाटावर ओतलेला झेंडू, हार ओवणाऱ्या बायकांचे हिरवे पडलेले अंगठे, शेवंतीवर ओंजळीने पाणी मारणारी एक म्हातारी. दर शनिवारी कार्ड सरांकडे रिकामं होत राहिलं. मला तो अधूनमधून कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यावर दाखवायचा. मी म्हणायचे, "छापू या की यातले चार." तो म्हणायचा, "सर म्हनले, एकदमच करू काहीतरी मोठं."

मोठं केलं खरंच. एके दिवशी सर माझ्या लॅबमध्ये एक सीडी घेऊन आले. चाळीस फोटो, प्रदर्शनाच्या आकारात हवे होते. तोवर यजमान वारले होते आणि मशीनबरोबर कॉम्प्युटरचं कामही मीच करत होते. पहिलीच फाइल उघडली आणि मी ओळखलं. आठ वाजताची ती जागा, तो चावा... पातं वाकलं तेव्हा टॉर्च माझ्याच हातात होता. मी विचारलं, "सर, हे पुंडलिकचे ना?" ते जराही बिचकले नाहीत. "आम्हा दोघांचं काम आहे हो. कॅमेरा माझा, मार्गदर्शन माझं. त्याचं नाव येणारच आहे." मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "फक्त हे ठिपके बघा, कुरतडल्यासारखे दिसतात. एवढे गोल करून द्या. हे काम नाशकात तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

आता माझी लाज मीच सांगते, दुसऱ्याने सांगण्यापेक्षा बरी. मला ते वाक्य आवडलं. नाशकात तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही... या एका वाक्यावर मी आठ दिवस मान मोडून बसले आणि शेकडो ठिपके एकेक करून गोल केले. कुठे हात लावलाय ते कळू नये, असं सफाईचं काम. इतकंच नाही, साफ केलेल्या फाइली मी त्याच नावाने, त्याच जागी साठवल्या. म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवरच्या मूळच्या पुसल्या गेल्या. सरांची सीडी परत दिली, सोबत साफ केलेल्या फाइलींची दुसरीही दिली. नाव येणार आहे म्हणालेत ना, मग येईल, अशी मनाची समजूत घातली. मांजर डोळे मिटून दूध पितं, ते मांजर मी होते.

प्रदर्शनाच्या उद्‌घाटनाला पुंडलिक आला तो मोपेडवर दोन करंड्या बांधून. दाराला तोरण त्यानेच लावलं, समईभोवती पाकळ्या त्यानेच पसरल्या, सरांना घालायचा हारही त्यानेच ओवून आणला होता. पाहुण्यांची भाषणं झाली. सरांनी पहाटे उठून फुलबाजारात कसे कष्ट उपसले, त्याचं रसभरीत वर्णन झालं. सरांना पहाट फक्त विमानतळावर जाताना दिसते, हे तिथल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, मंडपवाला आणि चहावाला यांच्या मधे छापलं होतं : पुष्पसजावट, पुंडलिक विधाते. सरांनी शब्द पाळला होता. नाव आलं होतं.

मी त्याला शोधत गेले. तो त्या पाणी मारणाऱ्या म्हातारीच्या फोटोसमोर उभा होता, अगदी जवळ, नेहमीसारखा कंबरेतून पुढे झुकून. मला वाटलं, खाली सरांचं नाव आहे ते वाचतोय. तो नाव वाचत नव्हता, थेंब बघत होता. माझ्याकडे न वळता म्हणाला, "ताई, माझं पातं सरळ कोनी केलं?"

मी म्हटलं, "मी."

त्याने एका थेंबावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "लय सफाईनं केलंय. कळत बी नाय." करंड्या एकात एक घातल्या आणि निघाला. पायऱ्यांवर थांबून तेवढं बोलला, "खूण व्हती, तेवढी गेली बघा."

ओरडला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्यामागे जाऊन तावातावाने म्हटलं, तू बोल ना सगळ्यांसमोर, मी उभी राहते तुझ्यासोबत. तो म्हणाला, "कॅमेरा त्यांचा, कार्ड त्यांच्या घरी. कोन म्हनंल माझं हाये? जाऊ द्या, ताई." दुसऱ्या दिवशी त्याने सरांना कॅमेरा नेऊन दिला. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून ती तांदळात पुरून डब्यात ठेवली, आणि नंतर कुणाचाही फोटो काढला नाही. पाणी मारणाऱ्या म्हातारीच्या फोटोला दिल्लीचं मोठं पारितोषिक मिळालं. सरांची मिरवणूक तेवढी निघायची राहिली.

पुंडलिक माझ्याकडे येत राहिला, हे मला जास्त लागायचं. चहा प्यायचा, पाऊसपाण्याचं बोलायचा, जाताना शेवंतीची जुडी काउंटरवर ठेवायचा. शेवटची भेट झाली ती मी लॅब बंद करत होते तेव्हा, यंदाच. मशीन भंगारात काढलं होतं, भिंती उघड्या पडल्या होत्या. मी धीर करून म्हटलं, "पुंडलिक, माझं चुकलं रे." त्याने विचारलं, "मूळचे एकबी नाय का तुमच्याकडं?" म्हणजे इतकी वर्षं त्याच्या मनात ते होतंच. "जाऊ द्या" म्हणणारा माणूस आतून काहीही जाऊ देत नव्हता. मी नाही म्हणून मान हलवली. तो म्हणाला, "बरं," आणि मशीनची जागा झाडायला मला मदत करू लागला.

तो गेल्यावर पंधराएक दिवसांनी क्लबाने शोकसभा घेतली. सभागृह नेहमीचंच, जिथे दर महिन्याला बैठक होते ते. व्यासपीठावर सर, आणि त्यांच्यामागे भिंतीवर पाच फुटी, म्हातारीचा तो फोटो. पारितोषिक मिळाल्यावर सरांनी पुण्याहून मोठा छापून आणून सभागृहाला भेट दिलेला. सर गहिवरून बोलले. "साधा फुलवाला, पण त्याच्या हातात मी कॅमेरा दिला. माझ्याबरोबर यायचा, माझं सामान उचलायचा..." माझ्या शेजारी इंदूबाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, सर घरी आले व्हते पाचव्या दिशी. आठवन म्हनून यांचा डबा मागितला. येवढे मोठे मानूस दारात आले, नाय कसं म्हनू? तांदूळ तेवढे काढून घेतले मी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाकडं पातं असलेली ती लेन्स, तीसुद्धा नेली, आणि डब्याची जागा मीच फोनवर सांगितलेली! सरांच्या तोंडाकडे बघवेना म्हणून, ज्याच्याकडे लाजेने आजवर कधी नीट पाहिलं नव्हतं त्या फोटोकडे मी मान वर करून बघत राहिले. कितीतरी वेळ नुसतीच बघत होते. मग मला उजवी कड दिसली.

हे समजायला आमच्या धंद्यातली एक आळशी रीत सांगायला हवी. फ्रेममध्ये फोटोच्या चारी बाजूंनी पांढऱ्या जाड कागदाची चौकट घालतात, तिला आम्ही माउंट म्हणतो. फोटोची बोटभर कड त्या माउंटखाली झाकली जाते. जे माउंटखाली जाणार ते कुणीही साफ करत बसत नाही. कुणी बघणारच नसतं. माझ्या सासऱ्यांनी ही रीत यजमानांना शिकवली, यजमानांनी मला. प्रदर्शनातले चाळीसही फोटो माउंट घालून लागायचे होते, म्हणून मी चारी कडा सोडून मधलंच साफ केलं होतं. पुण्याच्या माणसाला हे काय माहीत? त्याने माझीच फाइल घेतली, पाच फुटी केली आणि हल्लीच्या फॅशनप्रमाणे माउंट न घालता, काठोकाठ, बिनचौकटीची छापून दिली. उजव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, म्हातारीच्या ओंजळीतून उडालेले थेंब होते. मधले सगळे वाटोळे, माझ्या हातचे. कडेचे नऊ कुरतडलेले, डावीकडे खाली, आठ वाजता.

त्या सभेत मी काही बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा ठरवून जीभ आवरली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूबाईंचा हा फोटो आणि लॅबमधलं भिंग घेऊन गेले. रखवालदाराने विचारलं, काय करताय? म्हटलं, काचेचं माप घेतेय. स्टुलावर चढून एकेक थेंब या फोटोशी ताडून पाहिला. सरांच्या पेटीतल्या एकाही महागड्या लेन्सचं पातं असं वाकलेलं नाही. असेल तर त्यांनी ती दाखवावी. पुंडलिकची लेन्स आता त्यांच्याकडे आहे, तिचं पातं त्यांनी एव्हाना सरळ केलं असेल किंवा ती गोदावरीत सोडली असेल. खुशाल सोडू देत. पाच फुटी पुरावा त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीवर लावून ठेवला आहे आणि गेली तीन वर्षं ते त्याच्याचखाली खुर्ची टाकून बसतात.

हा लेख आजच्याच रविवारी छापा, असा हट्ट मी संपादकांकडे धरला. कारण आज संध्याकाळी त्याच सभागृहात सरांचा जाहीर सत्कार आहे, कलासेवेबद्दल. सगळ्यांना आमंत्रण आहे, तेव्हा जरूर या. येताना सोबतचा फोटो कापून आणा. त्याच्याखाली छायाचित्रकार म्हणून पुंडलिक विधाते हे नाव आहे, ते आज पहिल्यांदा छापलं गेलंय. सरांच्या डोक्यावर, उजव्या कडेला बघा. लेख वाचून सकाळीच कुणी तो फोटो उतरवून नेला असेल, तर भिंतीवर पाच फुटांचा न काळवंडलेला चौकोन दिसेल. तो बघितला तरी चालेल.

इंदूबाई आणि मी पहिल्या रांगेत असू. आम्ही काही बोलणार नाही. सर भाषणाला उभे राहिले की त्यांच्याकडे बघायचं नाही, वर भिंतीकडे बघत राहायचं, एवढंच आमचं ठरलं आहे.